पोटाचं 'छोटं' ऑपरेशन, घरातले दिवस आणि परत कामावर: तुमचे अनुभव लिहा

रानजाई
आज ऑफिसच्या जिन्यात आमची एक ज्युनियर दिसली. अपेंडिक्सचं ऑपरेशन होऊन आठवा दिवस. एका हातात लॅपटॉपची बॅग, दुसरा हात ओढणीखालून पोटावर दाबलेला. दर चार पायऱ्यांनी थांबत होती. मी बॅग घेतली तिच्याकडून. तो हात बघून माझं २०१८ सालचं सगळं डोळ्यांसमोर आलं, म्हणून हा धागा.

माझं पित्ताशय काढलं, दुर्बिणीतून. चार भोकं, दुसऱ्या दिवशी घरी. भेटायला येणारा प्रत्येकजण म्हणायचा, "हल्ली दुर्बिणीतून करतात, काही नसतं त्यात." मलाही ते खरं वाटायला लागलं. दहाव्या दिवशी गिरणीतून आलेला दळणाचा डबा उचलायला गेले आणि बेंबीपाशी अशी कळ आली की ओट्याला धरून उभीच राहिले. सासूबाईंनी डबा ओढून बाजूला केला, खुर्ची आणली, आणि दुसऱ्या दिवसापासून दळण आणायचं काम दिरांकडे. एक शब्द बोलल्या नाहीत. ते अजून विसरले नाहीये.

आणि खांदा! पहिल्या रात्री उजवा खांदा एवढा दुखला की घाबरून डॉक्टरांना फोन केला. ऑपरेशनच्या वेळी पोटात गॅस भरतात, उरलेल्या गॅसने श्वासपटलाला, म्हणजे छाती आणि पोटामधल्या पडद्याला, त्रास होतो आणि ते दुखणं खांद्यात जाणवतं म्हणे. हळूहळू चालत राहा म्हणाले. दोन-तीन दिवसांत गेलं. पण आधी कुणी सांगितलं असतं तर रात्र एवढी वाईट गेली नसती.

ठाकुर्लीचा
माझं हर्नियाचं ऑपरेशन, आत आधाराला जाळी बसवलीये. तीन आठवड्यांनी कामावर गेलो. टाक्यांची भीती नव्हती, भीती होती लोकलची. कुणाचं कोपर लागलं तर? साहेबांना सरळ सांगितलं, पंधरा दिवस अकराला येतो, उशिरापर्यंत थांबतो. ऐकलं त्यांनी. सॅक पाठीवर न घेता पोटापुढे धरायचो, ढालीसारखी.
ऑफिसात पाण्याचा वीस लिटरचा जार बदलायचं काम आपोआप माझ्याकडे असायचं. पहिल्याच दिवशी सगळे माझ्याकडे बघायला लागले. आमच्या शिपाई मामांनी येऊन जार चढवला, म्हणाले, "सहा आठवडे तू हात लावायचा नाहीस." डॉक्टरांनीही सहाच सांगितले होते.

मेथीची जुडी
मुगाची खिचडी. अकरा दिवस. दोन्ही वेळा. बाराव्या दिवशी आईने मऊ भातावर मेतकूट आणि चमचाभर तूप दिलं, मी रडले खरंच

पेजवाली, कुडाळ
आमच्याकडे उकड्या तांदळाची पेज. वहिनीने महिनाभर विहिरीचं पाणी मला भरू दिलं नाही, स्वतःची बागायत सांभाळून. खरा त्रास वेगळाच, कुणी बोलत नाही म्हणून लिहिते. दुखण्याच्या गोळ्यांनी पोट साफ होत नव्हतं आणि घरात बसायचं संडास भारतीय. उकिडवं बसताच टाके ओढायचे. भाच्याने प्लास्टिकच्या खुर्चीची बैठक कापून वर ठेवली. इसबगोल आधीच आणून ठेवा, पाचव्या दिवशी नको.

ओटीतली ताई
तेवीस वर्षं ऑपरेशन थिएटरमध्ये नर्स होते. उठताना सरळ उठू नका, आधी कुशीवर वळा, पाय खाली सोडा, मग हाताने रेटा देऊन उठा. खोकला, शिंक, हसू आलं की पोटावर उशी धरा. ताप, टाक्यातून पू, पोट फुगून उलट्या, डोळे पिवळे, यातलं काहीही दिसलं तर शेजारणीला न विचारता सर्जनला फोन. आणि पित्ताशय तपासणीला पाठवलेलं असतं, त्याचा रिपोर्ट आणायचं लोक विसरतात. आणा आणि दाखवा.

रानजाई
ताई, मी विसरले होते! दोन महिन्यांनी आणला. चांगला होता.

लेस्टरकर
इथे इंग्लंडात पहिले सात दिवस आजारपणाचं आपणच लिहून द्यायचं, पुढे रजा हवी तर 'फिट नोट', म्हणजे वैद्यकीय सर्टिफिकेट लागतं. माझ्या नोटेवर 'हळूहळू कामावर परत' असं होतं, म्हणून पहिला आठवडा अर्धा वेळ काम. रजेची सोय होती, माणूस नव्हतं. एकटाच होतो. शेजारच्या गुजराती मासी रोज डबा द्यायच्या, कढी-भात.

चाकणहून
कारखान्यात आहे. पगारातून ईएसआय, म्हणजे कामगार विम्याचा हप्ता, कापला जातो ना, मग आजारपणाचा भत्ता मिळतो हे माहीत करून घ्या. पगाराच्या ७० टक्के, वर्षाला ९१ दिवसांपर्यंत, हप्ते पुरेसे भरलेले असतील तर. माझ्या बरोबरीचा एक जण पगार बुडेल म्हणून नवव्या दिवशी लाईनवर उभा राहिला, जाळी असून. परत दुखणं सुरू झालं. त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. डिस्चार्ज कार्ड आणि रजेचं सर्टिफिकेट जपून ठेवा.

मेथीची जुडी
पेजवाली, उकडे तांदूळ मुंबईत चांगले कुठे मिळतात?

पेजवाली, कुडाळ
दादरला कोकणी मालाच्या दुकानांत बघ. लालसर घे.

ठाकुर्लीचा
स्कूटरवर मागे बसून गेलात कुणी? मी गेलो, दुसऱ्या आठवड्यात. घरापासून दवाखान्यापर्यंत सात गतिरोधक आहेत, तेव्हा मोजले. रिक्षा करा.

सोनचाफा
उद्या सकाळी माझ्या नवऱ्याचं आहे, हर्निया. सगळं वाचलं, त्यांनाही वाचून दाखवलं. रात्री बारानंतर पाणीसुद्धा नाही सांगितलंय. पिशवीत काय काय भरू?

ओटीतली ताई
सैल नाडीचा पायजमा, इलॅस्टिकचा नको. पाय वर न करता घालता येतील अशा चपला. जुने रिपोर्ट सगळे.

रानजाई
आणि घरची उशी. मऊ, जुनी. येताना गाडीत पट्टा आणि पोट यांच्यामध्ये ठेवायला. उद्या झालं की कळव गं.