क्लोरेला ०.८ ग्रॅमवर अडकलंय, आणि शोषलेल्या कार्बनचा हिशेब कसा मांडायचा? मदत हवी आहे

ॲक्रिलिकचा उभा स्तंभ, व्यास १५ सेंमी, आत २० लिटर क्लोरेला व्हल्गारिस (सूक्ष्म हिरवं शैवाल). माध्यम बीजी-११, म्हणजे शैवालासाठीचं क्षारांचं पोषक द्रावण. हवा मिनिटाला २ लिटर, त्यात २ टक्के कार्बन डायऑक्साइड, चोवीस तास चालू. ४० वॅटचे एलईडी १२ तास. तापमान २६ ते २८ अंश, सामू ७.१.

आठ दिवसांत कोरडं वजन लिटरमागे ०.८ ग्रॅमपर्यंत गेलं आणि तिथेच थांबलं. रंग हिरव्याचा पिवळट झालाय. नायट्रोजन संपला असेल म्हणून लिटरमागे ०.७५ ग्रॅम सोडियम नायट्रेट घातलं, फरक शून्य. प्रकाश कमी पडतोय का?

दुसरं, कार्बन डायऑक्साइडच्या सिलिंडरचं वजन रोज सुमारे १०० ग्रॅमने उतरतं. अहवालात 'रोज १०० ग्रॅम शोषला' असं लिहिता येईल का?

प्रतिसाद १

प्रकाशाचा प्रश्न नाही. पेशी एकमेकींवर सावली धरू लागल्या की वाढ मंदावते, पण पेशी हरितद्रव्य वाढवतात, म्हणजे रंग उलट गडद होतो. पिवळट पडणं हे उपासमारीचं लक्षण.

नायट्रेटही नाही. बीजी-११ मध्ये ते लिटरला १.५ ग्रॅम असतं, म्हणजे नायट्रोजन सुमारे २४७ मिलिग्रॅम. पेशीत ७ टक्के नायट्रोजन धरला तरी साडेतीन ग्रॅमपर्यंत पुरेल. फॉस्फेट बघा. डायपोटॅशियम फॉस्फेट लिटरला फक्त ०.०४ ग्रॅम, त्यात फॉस्फरस जेमतेम ७ मिलिग्रॅम. पेशीच्या वजनाच्या १ टक्का फॉस्फरस धरला तर ०.७ ग्रॅमला खडखडाट. तुमचा आकडा नेमका तिथेच आहे.

सगळ्या टाकीत ओतण्याआधी खात्री करा. दोन चंबूंत २००-२०० मिली कल्चर घ्या, एकात ३२ मिलिग्रॅम डायपोटॅशियम फॉस्फेट घाला, दुसरा तसाच ठेवा. दोन-तीन दिवसांत पहिला हिरवा झाला तर टाकीत ३.२ ग्रॅम घाला. आधी ऊर्ध्वपातित पाण्यात विरघळवून, बुडबुडे चालू असताना हळूहळू. सामू साडेआठच्या वर असेल तर थांबा, कॅल्शियमबरोबर साका बसतो आणि फॉस्फेट वाया जातं.

प्रतिसाद २

१०० ग्रॅम अजिबात लिहू नका, तो सोडलेला वायू आहे. मिनिटाला २ लिटरचे २ टक्के म्हणजे ४० मिली, दिवसाला ५७ लिटर, वजनात शंभरेक ग्रॅम. सिलिंडर तेवढंच सांगतोय.

शोषलेला वायू वाढलेल्या वजनावरून काढा. कोरड्या शैवालात साधारण ५० टक्के कार्बन असतो. त्याला ४४/१२ ने गुणलं की १ ग्रॅम शैवालामागे १.८ ग्रॅम वायू. तुमची वाढ दिवसाला लिटरमागे ०.१ ग्रॅम, २० लिटरला २ ग्रॅम, म्हणजे ३.६ ग्रॅम. बाकी ९६ टक्के बुडबुडा पृष्ठभागावर फुटला की हवेत.

गळती कमी करायची तर सोलेनॉइड व्हॉल्व्ह (विजेवर उघडणारी-मिटणारी झडप) सामू-नियंत्रकाला जोडा: ७.२ ला उघडेल, ७.० ला बंद होईल. दिवे बंद असताना कार्बन डायऑक्साइड पूर्ण बंद, साधी हवा मात्र चालू ठेवा. रात्री पेशींना प्राणवायू लागतो आणि तळाला गाळही बसत नाही. हवेच्या नळीच्या टोकाला बारीक छिद्रांचा दगड लावा. छिद्रं चोंदली की एका बाजूनेच मोठे बुडबुडे येतात, ते दिसलं की काढून धुवा.

धागाकर्ता

धन्यवाद! म्हणजे 'रोज ३.६ ग्रॅम कार्बन साठवला' असं चालेल?

प्रतिसाद २

'स्थिर केला' म्हणा, आणि कार्बन नव्हे, कार्बन डायऑक्साइड. साठवला हे शैवालाचं पुढे काय होतं त्यावर ठरतं. खाद्य, खत किंवा इंधन केलं तर बराचसा वायू परत हवेत. शिवाय विजेचा रकाना ठेवाच: ४० वॅट १२ तास आणि पंप ५ वॅटचा धरला तर २४ तास, मिळून ०.६ युनिट. वीज कोळशाची असेल तर युनिटमागे साधारण १ किलो कार्बन डायऑक्साइड, म्हणजे ६०० ग्रॅम सोडून ३.६ ग्रॅम पकडले. प्रयोग म्हणून ठीक, पण हा आकडा लपवलात तर परीक्षक पहिला तोच विचारतील. म्हणूनच मोठ्या प्रमाणावर उघडे तलाव, सूर्यप्रकाश आणि धुराड्याचा वायू यांचा विचार होतो.

प्रतिसाद १

वजनाचा नमुना रोज दिवे लागण्याआधी घ्या. रात्री श्वसनात वजन घटतं, वेळ बदलली की आकडे नाचतात. ५० मिली गाळा, गाळणकागदावरचे क्षार ऊर्ध्वपातित पाण्याने धुऊन काढा, नाहीतर मीठच मोजाल. १०५ अंशांवर वजन स्थिर होईपर्यंत सुकवा.