पहिल्यांदाच लेपर्ड गेकोची पिल्लं काढायचा विचार आहे, ही जोडी चालेल का?

स्लाउकर:
नमस्कार मंडळी, मी इंग्लंडात स्लाउला असतो, टू बेडरूम फ्लॅट. तीन वर्षांपासून घरात एक लेपर्ड गेको (पाळतात त्या पालीची एक जात) मादी आहे, ट्रेम्पर प्रकारची अल्बिनो, ५८ ग्रॅम, खाणंपिणं झकास, शेपटी गाजरासारखी जाडजूड. आता एकाकडून नर मिळालाय, तोही अल्बिनोच पण बेल प्रकारचा आहे म्हणाला, १५ पौंडात देत होता म्हणून मी फार चौकशी केली नाही. डोक्यात असं आहे की दोघांना एकाच टाकीत सोडायचं, एक सीझन करून बघायचं, अल्बिनो पिल्लं विकली की खर्च सुटेल. थर्माकोलचा खोका, हीट मॅट आणि थर्मोस्टॅट जमवून इन्क्युबेटर केलाय. बायकोने कपाटातला एक खण दिलाय, फक्त एक. जूनमधे आई येतेय साताऱ्याहून, तिला अजून सांगितलंच नाही की घरात पाल पाळलीये 😅 कुठे चुकतोय का?

झुरळवाली:
मादी तयार आहे, त्याची काळजी नको. घोळ जोडीत आहे. अल्बिनो गुणिले अल्बिनो म्हणजे अल्बिनो असं इथे होत नाही, कारण ट्रेम्पर, बेल आणि रेनवॉटर ही तीन वेगवेगळी जीन्स आहेत, एकमेकांशी जुळत नाहीत. तुमची सगळी पिल्लं दिसायला साधी नॉर्मल येणार आणि पोटात दोन्ही अल्बिनो जीन्स लपवून फिरणार. पुढे कोणी त्यांची पिल्लं काढली आणि त्यात अल्बिनो निघाला तर तो ट्रेम्पर की बेल हे नुसतं बघून सांगता येत नाही, मग पुढची सगळी वंशावळच गढूळ. बहुतेक ब्रीडर यासाठीच ही दोन एकत्र करत नाहीत. तुमच्या मादीला ट्रेम्पर नर बघा नाहीतर अल्बिनोचा संबंधच नसलेला नॉर्मल. आणि स्वस्तात एनिग्मा किंवा लेमन फ्रॉस्ट (हे रंगांचे प्रकार) मिळाला तर हुरळून जाऊ नका, एनिग्मा मान वाकडी करून गोल गोल फिरत बसतात आणि लेमन फ्रॉस्टमधल्या ८० टक्क्यांहून जास्त जनावरांना त्वचेत गाठी होतात.
नवा नर कुठलाही असो, तीन महिने दुसऱ्या खोलीत, चिमटा वेगळा, पाण्याची वाटी वेगळी. क्रिप्टो (आतड्यातला परजीवी) असेल तर शेपटी काडीसारखी होते आणि तोवर तुमच्या मादीलाही लागलेला असतो. शीचा नमुना व्हेटकडे द्या.

निशाचर_म्युनिक:
वरच्या ताईंनी मेन सांगितलंच आहे. मित्रा नर मादी कायमचे एकत्र ठेवू नकोस, तो तिला खाऊही देत नाही. दोनचार दिवस सोड, मानेला चावून धरतो ते नॉर्मल आहे, मग बाहेर काढ. मादी वीर्य साठवून ठेवते त्यामुळे नर नसतानाही अंडी येत राहतात, एका वेळी दोन, दोनतीन आठवड्यांनी परत दोन. माझ्या मादीने पहिल्याच सीझनला १४ दिली होती. तिला कॅल्शियमची वाटी कायम ठेव, आणि ओल्या मॉसचा डबा.
माझा पहिला घोटाळा ऐक. थर्मोस्टॅटचा प्रोब (तापमान मोजणारं टोक) मी खोक्यात वर लोंबकळत ठेवला होता, डिस्प्लेवर २८, मी खूश. दहा दिवसांनी अंड्यांच्या शेजारी थर्मामीटर टेकवला तर ३५! सहापैकी चार अंडी पिवळी पडून बसली होती. प्रोब अंड्यांच्या लेव्हललाच हवा. २७ च्या आसपास बहुतेक माद्या, ३२ च्या थोडं वर बहुतेक नर, ३० ला मिक्स. २७ ला साधारण दोन महिने लागतात. अंडं काढलं की वरच्या बाजूला पेन्सिलीने टिकली लाव आणि तीच बाजू कायम वर, उलटंसुलटं केलं तर आतला जीव मरू शकतो.
आता खणाचं बोलू. १४ अंडी म्हणजे दहाबारा पिल्लं धर, प्रत्येकाला वेगळा डबा, कारण एकत्र ठेवली तर शेपट्या चावतात. तुझा खण केवढा आहे? 😂

स्लाउकर:
बापरे. खणात मोजून चार डबे बसतील. बेलवाला नर नुसताच पाळतो मग. आणि विकायला इथे लायसन्स लागतं का?

झुरळवाली:
धंदा म्हणून विकलीत तर लागतं, इंग्लंडात २०१८ च्या नियमांनी ते कौन्सिलकडून घ्यायचं असतं. हौसेतली चारदोन जास्तीची पिल्लं ही वेगळी गोष्ट, पण तुम्ही आधीच "खर्च सुटेल" म्हणताय, तेव्हा कौन्सिलला एक ईमेल टाकाच. आणि चार डबे असतील तर चारच अंडी ठेवा, बाकीची लगेच त्याच दिवशी फ्रीजरमधे. कठोर वाटतं पण गिऱ्हाईक नसलेली बारा पिल्लं त्याहून वाईट.

पुणेरी_सरडा:
मधेच बोलतो, भारतातून वाचणाऱ्यांसाठी. लेपर्ड गेकोची बहीण आपल्याकडे रानात आहे, युब्लेफॅरिस फस्कस, महाराष्ट्र गुजरातच्या खडकाळ कोरड्या भागात रात्री फिरते. लोक विषारी समजून मारतात, विषबिष काही नसतं. हा धागा वाचून ती पकडून घरी आणायच्या भानगडीत पडू नका, रानातली आहे, रानातच राहू द्या.
आणि स्लाउकर, आईंना सांगा की लेपर्ड गेकोच्या बोटांना चिकटायच्या गाद्या नसतात, काचेवर भिंतीवर चढता येत नाही, त्यामुळे अंगावर पडायचा प्रश्नच नाही.

स्लाउकर:
हे भारी आहे, आजच फोन करतो 🙏