मदत हवी आहे: फौंड्रीच्या फलकावर ‘चार्ज’ला मराठीत काय लिहायचं?

शिरोली एमआयडीसीतल्या फौंड्रीसाठी इंडक्शन भट्टीच्या (विजेवर धातू वितळवणाऱ्या) इंग्रजी मॅन्युअलवरून मराठी सूचनाफलक करायचे आहेत. ‘चार्ज’ हा शब्द जागोजागी आलाय आणि भाषांतराच्या अ‍ॅपनं सगळीकडे ‘शुल्क’ घातलंय. ‘ओले शुल्क भट्टीत टाकू नये’ असा फलक कसा लावणार? भट्टी, कपॅसिटर (वीज साठवणारा भाग), शिफ्ट इन-चार्ज आणि वीजबिलातला डिमांड चार्ज, चारही ठिकाणी काय लिहू?

भट्टीवाला:
इथं चार्ज म्हणजे वितळायला टाकलेला सगळा माल: पिग आयर्न, भंगार, आपलेच रनर-रायझर (ओतताना साच्याच्या वाटांत गोठलेला जादा धातू). ‘ओला माल भट्टीत टाकू नका’ एवढं लिहा, पण तेवढ्यावर थांबू नका. वितळलेल्या लोखंडाखाली पाणी गेलं की त्याची वाफ सुमारे 1,700 पट जागा मागते आणि धातू वर उडतो. म्हणून बंद तोंडाचे पाईप आणि शॉक अ‍ॅब्सॉर्बर यांची नावं घालून लिहा. बाहेरून कोरडे दिसतात, आत पाणी नाहीतर तेल असतं. पावसाळ्यात उघड्यावरचं भंगार तर संशयितच धरायचं.

मॅन्युअलमध्ये ‘ब्रिजिंग’ असेल तर ‘माल वर अडकणे’ लिहा. वर माल अडकला की खालचा धातू नको तेवढा तापतो आणि लायनिंग, म्हणजे भट्टीचं आतलं अस्तर, खातो. आधी पॉवर बंद करायची. वरून आणखी माल लोटायचा नाही.

वायरमन_कोल्हापूर:
कपॅसिटरला पुस्तकी शब्द ‘विद्युतप्रभार’. फलकावर तो कोण वाचणार भाऊ? ‘स्विच बंद केला तरी कपॅसिटरमध्ये करंट साठलेला असतो’ असं लिहा. शास्त्राला धरून नाही, पण हात वाचतो. पुढे क्रम द्या: मेन बंद, कुलूप, कपॅसिटरच्या माहितीपट्टीवर दिलेला वेळ थांबणे, मीटरनं तपासणे, अर्थ केलेल्या रॉडनं डिस्चार्ज, मगच हात.

शब्दखोर:
मूळ अर्थ गाडीवर ओझं लादणं. लॅटिनमधल्या गाडीच्या शब्दावरूनच हा आला. गंमत म्हणजे मराठीनंही तोच ‘भार’ धरलाय: कार्यभार, प्रभारी, अधिभार. म्हणून इन-चार्जला ‘पाळीप्रमुख’ किंवा ‘पाळी प्रभारी’, डिमांड चार्जला ‘मागणी आकार’. बिलात ‘आकार’ रुळलाय, शुल्क नको. कामगाराला दिलेली चार्जशीट मात्र ‘आरोपपत्र’.

धागाकर्ता:
आभार! ‘चार्ज मिक्स’ (कोणता माल किती टाकायचा) राहिलं. ‘मालाचं प्रमाण’ चालेल?

भट्टीवाला:
चालेल, पण टक्क्यांऐवजी किलोत लिहा. 500 किलोच्या भट्टीत 100 किलो धातू मागचा शिल्लक असेल तर नवा माल 400 किलोच. त्यात एखादा माल 10 टक्के सांगितला असेल तर तो 40 किलो होतो. फलक वाचणारा भट्टीवरचा आकडा बघून 50 टाकतो, आणि धातूची केमिस्ट्री (घटकांचं प्रमाण) तिथंच हुकते.