वाहिनी बदलताना पडदा काळा का होतो? जुन्या टीव्हीत असे का होत नसे?

संध्यारंग

नमस्कार. आमच्याकडे सेट टॉप बॉक्सवर वाहिनी बदलली की आधी पडदा काळा होतो, मग तळाशी वाहिनीचे नाव उमटते, पाठोपाठ आवाज सुरू होतो आणि त्यानंतर कुठे चित्र दिसू लागते. हा सगळा प्रकार दोन-तीन सेकंदांचा असला, तरी तेवढ्यात बटण नीट दाबले गेले नाही असे आईला वाटते. ती ते पुन्हा दाबते आणि हवी असलेली वाहिनी मागे पडून तिच्या पुढची लागते. मागे यायचे म्हटले की पुन्हा तोच काळा पडदा. पिक्चर ट्यूबच्या जुन्या टीव्हीवर बटण दाबताक्षणी दुसरी वाहिनी समोर येत असे. आजचा टीव्ही म्हणजे जवळजवळ संगणकच आहे. मग इतक्या साध्या कामाला त्याला जास्त वेळ का लागावा, हे मला उमगत नाही.

बॉक्समध्ये बिघाड आहे, सिग्नल कमजोर आहे, की हे असेच असते? नवा, महाग टीव्ही घेतल्याने काही फरक पडेल का? शिवाय थेट सामना ॲपवर पाहताना शेजारच्या घरातला जल्लोष आधी ऐकू येतो आणि आमच्याकडे चेंडू अजून गोलंदाजाच्या हातातच असतो. या दोन्ही गोष्टींचे मूळ एकच आहे का, हेही जाणकारांनी कृपया सांगावे.

लहरवेध

आपण सांगितलेल्या लक्षणांवरून बॉक्स बिघडला आहे असे वाटत नाही. सिग्नल कमजोर असता तर चित्राचे चौकोनी तुकडे झाले असते आणि आवाज तुटक आला असता. हा उशीर डिजिटल प्रक्षेपणाच्या रचनेतच आहे.

जुन्या ॲनालॉग प्रक्षेपणात, जगाच्या बऱ्याच भागांत, सेकंदाला २५ चित्रे येत आणि प्रत्येक चित्र दोन अर्ध्या भागांत पाठवले जाई : आधी एकाआड एक रेघा, मग उरलेल्या. म्हणजे सेकंदाला ५० अर्धचित्रे झाली. (काही देशांत हा आकडा ६०च्या आसपास होता.) त्यांतले प्रत्येक अर्धचित्र स्वयंपूर्ण असे. टीव्हीला आधीचे काहीही लक्षात ठेवावे लागत नसे. हवी ती वाहिनी पकडणारा ट्यूनर नव्या वाहिनीच्या कंप्रतेवर (फ्रिक्वेन्सीवर) सरकला की फार तर २० मिलिसेकंदांत पुढच्या अर्धचित्राची सुरुवात सांगणारा स्पंद येई आणि ट्यूबमधला इलेक्ट्रॉनांचा झोत त्याच्या तालावर रेघा ओढू लागे. मध्ये क्षणभर मुंग्या दिसल्या तर दिसत, एवढेच.

डिजिटल प्रक्षेपणात पूर्ण चित्र क्वचितच पाठवतात. मधल्या काळात फक्त काय बदलले तेवढेच कळवतात. बातम्या वाचणारी व्यक्ती समोर बसलेली असते तेव्हा तिच्यामागची भिंत पुन्हा पुन्हा पाठवण्याची गरज नसते, हलणारे ओठ आणि पापण्या यांची माहिती पुरते. या काटकसरीमुळेच पूर्वी एका वाहिनीला लागणाऱ्या जागेत आज अनेक वाहिन्या मावतात. मात्र त्याची किंमत आपण वाहिनी बदलताना मोजतो. आपण मध्येच येऊन दाखल झालो की बॉक्सला ‘ओठ इतके हलले’ एवढे कळते, पण कोणाचे ओठ, कोणत्या चेहऱ्यावरचे, हे ठाऊक नसते. त्यामुळे पुढचे पूर्ण चित्र येईपर्यंत हाती आलेली माहिती टाकून देण्यावाचून त्याला गत्यंतर नसते. चित्रांची माहिती आटोपशीर करण्याच्या एमपेग-२ या पद्धतीत असे पूर्ण चित्र साधारणपणे १२ ते १५ चित्रांमागे एकदा, म्हणजे सुमारे अर्ध्या सेकंदाने येते. २००३ मध्ये आलेल्या एच.२६४ या पद्धतीत ते बरेचदा आणखी लांबवले जाते, कारण जितकी पूर्ण चित्रे कमी, तितकी जागा वाचते.

त्याआधीही बॉक्सला बरीच कामे उरकायची असतात. ट्यूनर नव्या कंप्रतेवर स्थिर व्हावा लागतो. एकाच प्रवाहात अनेक वाहिन्यांची पाकिटे, म्हणजे माहितीचे छोटे तुकडे, मिसळलेली असल्याने आपल्या वाहिनीची पाकिटे कोणती, हे सांगणारे तक्ते वाचावे लागतात. वाहिनी सशुल्क असेल तर तिचे कुलूप उघडणारी किल्ली मिळवावी लागते, आणि ती दर काही सेकंदांनी बदलत असते. हे सगळे पार पडल्यावर चित्र अडखळू नये म्हणून थोडा साठा जमवावा लागतो. या सगळ्यांची बेरीज म्हणजे आपले दोन-तीन सेकंद.

आवाज आधी येतो हे आपले निरीक्षण फार मोलाचे आहे. एमपेगच्या रूढ ध्वनिपद्धतीत आवाजाचा प्रत्येक तुकडा अवघ्या २४ मिलिसेकंदांचा असतो आणि तो आधीच्या तुकड्यांवर फारसा अवलंबून नसतो. त्यामुळे काही बॉक्स आवाज लगेच सुरू करतात आणि चित्राला मात्र पूर्ण चित्राची वाट पाहावी लागते.

महाग टीव्हीबद्दल : बॉक्स वापरात आहे तोवर हे सगळे काम बॉक्सच करतो. टीव्ही बदलून वाहिनी लवकर लागणार नाही.

जुनीतार

लहरवेध यांनी सांगितलेले कारण अगदी बरोबर आहे. परंतु आपल्या आई बटण दुसऱ्यांदा दाबतात, त्यामागे केवळ उशीर आहे असे मला वाटत नाही.

पिक्चर ट्यूबचे जुने संच वाहिनी झटकन बदलत, पण सुरू व्हायला चांगलाच वेळ घेत. ट्यूबच्या मागच्या टोकाला असलेला कॅथोड तापल्याशिवाय त्यातून इलेक्ट्रॉन निघत नसत. आधी बारीक गुणगुण ऐकू येई, मग आवाज, आणि चित्र हळूहळू उजळत जाई. त्या वेळात कोणी बटण पुन्हा दाबत नसे, कारण संच जागा होतो आहे हे कानांना आणि डोळ्यांना समजत असे.

टेलिफोनच्या तारेवरून चालणाऱ्या इंटरनेटचेही तसेच होते. जोडणी व्हायला अर्ध्या मिनिटापर्यंत वेळ लागे, पण मोडेम, म्हणजे संगणकाला त्या तारेशी जोडणारे यंत्र, आपल्या छोट्या स्पीकरमधून प्रत्येक पायरी ऐकवत असे. आधी डायल टोन, मग फिरवलेल्या आकड्यांचे सूर, पलीकडे घंटी वाजल्याचा आवाज, आणि मग पलीकडच्या मोडेमचा २१०० हर्ट्झचा लांब, एकसुरी स्वर. त्या स्वराचे काम मोठे गमतीचे होते. लांबच्या कॉलमध्ये बोलणाऱ्याला स्वतःचाच प्रतिध्वनी ऐकू येऊ नये म्हणून टेलिफोनच्या जाळ्यात यंत्रणा बसवलेली असे. दोन्ही मोडेमना एकाच वेळी बोलायचे असल्याने ती यंत्रणा अडथळा ठरे, म्हणून तिला बाजूला व्हायला सांगणारा तो स्वर होता. त्यानंतरची खरखर म्हणजे सुमारे ३०० ते ३४०० हर्ट्झच्या त्या अरुंद तारेतून किती वेग पेलेल, याची दोन्ही मोडेमनी चालवलेली चाचणी. १९९८च्या व्ही.९० या मानकाने हा वेग कागदावर सेकंदाला ५६ किलोबिटपर्यंत नेला.

स्पीकर मुद्दामच ठेवलेला असे. लाइन व्यस्त आहे किंवा चुकीच्या क्रमांकावर एखादी व्यक्ती ‘हॅलो, हॅलो’ म्हणते आहे, हे वापरणाऱ्याला ऐकू यावे आणि त्याने फोन तोडावा, हा त्यामागचा हेतू. जोडणी पक्की झाली की स्पीकर आपोआप गप्प होई. रोज वापरणाऱ्याला त्या खरखरीवरून जोडणी लागणार की फसणार, हेदेखील ओळखता येऊ लागे.

इंटरनेटवरच्या चित्रांचेही तेच. १९८७ मध्ये आलेल्या जिफ या प्रकारात रेघा क्रमाने न पाठवता आधी दर आठवी रेघ पाठवण्याची सोय होती. नंतरच्या फेऱ्यांत मधल्या रेघा भरल्या जात. त्यामुळे चित्र आधी अस्पष्ट दिसे आणि हळूहळू निवळत जाई. पूर्ण यायला वीस सेकंद लागले, तरी पाचव्या सेकंदालाच तो चेहरा आहे की नकाशा आहे, हे कळे आणि नको असल्यास पुढे जाता येई.

तो वेग परत यावा असे मी म्हणत नाही. पण वाट पाहणाऱ्या माणसाला काय चालले आहे हे सांगण्याची जी काळजी त्या यंत्रांत होती, ती आजच्या बॉक्समध्ये असायला हवी. बटण दाबताक्षणी, चित्राची वाट न पाहता, नव्या वाहिनीचे नाव पडद्यावर ठळक उमटवणे तांत्रिकदृष्ट्या मुळीच अवघड नाही. ते नाव अर्ध्या सेकंदाने उमटते तिथेच माणूस बटण पुन्हा दाबतो.

पडद्यामागे

वरील दोन्ही उत्तरांना जोडून काही उपाय सुचवतो. बॉक्सच्या मेनूत चित्राच्या रिझोल्यूशनची निवड असते. ती ‘ऑटो’ किंवा ‘मूळ वाहिनीप्रमाणे’ अशी असेल, तर साध्या वाहिनीवरून एचडी वाहिनीवर जाताना बॉक्स आपले रिझोल्यूशन बदलतो, आणि टीव्ही व बॉक्स यांना एचडीएमआय तारेवरून पुन्हा जुळवणी करावी लागते. त्यात आणखी एक-दोन सेकंद जातात आणि कधी कधी ‘नो सिग्नल’ असा संदेशही झळकतो. तिथे एकच ठरावीक रिझोल्यूशन निवडून ठेवावे. दुसरे म्हणजे, नेहमीच्या वाहिन्या ‘फेवरिट’ यादीत घातल्या की मधल्या वाहिन्या ओलांडण्याचा प्रश्नच राहत नाही.

ॲपच्या उशिराचे मूळ निराळे आहे. तिथे थेट प्रक्षेपणाचे काही सेकंदांचे तुकडे पाडले जातात. तुकडा पूर्ण तयार झाल्यावर तो सर्व्हरवर ठेवला जातो, तिथून निरनिराळ्या ठिकाणच्या सर्व्हरवर पोहोचतो, आणि ॲप असे दोन-तीन तुकडे जमवल्यावरच दाखवायला सुरुवात करते, म्हणजे इंटरनेट मध्येच मंदावले तरी चित्र थांबत नाही. ॲपलने २००९ मध्ये आणलेल्या एचएलएस पद्धतीत सुरुवातीला दहा सेकंदांच्या तुकड्यांची शिफारस होती. पुढे ती सहा सेकंदांवर आली. दहाचे तीन तुकडे धरले तरी अर्धे मिनिट होते. २०१९ पासून कमी उशिराच्या सुधारित पद्धती आल्या आहेत, पण प्रत्येक सेवा त्या वापरतेच असे नाही. घरातले इंटरनेट कितीही वेगवान केले तरी हा उशीर बहुतांशी तसाच राहतो. सामना शेजाऱ्यांच्या बरोबरीने पाहायचा असेल, तर तो सेट टॉप बॉक्सवर पाहणे उत्तम.

संध्यारंग

आपणा सर्वांचे मनःपूर्वक आभार. रिझोल्यूशन ‘ऑटो’वरच होते. ते बदलल्यावर एचडी वाहिनीवर जाताना येणारा ‘नो सिग्नल’ हा संदेश बंद झाला. काही ठरावीक वाहिन्या एकीवरून दुसरीवर जाताना लक्षणीय लवकर लागतात, हेही आता ध्यानात आले. असे का होते? आणि काळ्या पडद्याऐवजी आधीचे चित्र तसेच ठेवता येईल का?

लहरवेध

त्या वाहिन्या बहुधा एकाच कंप्रतेवरून येणाऱ्या संयुक्त प्रवाहात असतील. तसे असेल तर ट्यूनरला हलावे लागत नाही आणि तेवढा वेळ वाचतो.

आधीचे चित्र गोठवून ठेवण्याची सोय काही बॉक्समध्ये असते. मेनूत वाहिनी बदलण्याच्या पद्धतीसमोर ‘ब्लॅक’ आणि ‘फ्रीझ’ असे दोन पर्याय दिसतात का ते पाहावे. ‘फ्रीझ’ निवडल्यास नवे चित्र तयार होईपर्यंत जुने चित्र स्थिर राहते. आपल्याकडे आवाज आधी येत असल्याने क्षणभर जुन्या वाहिनीच्या चित्रावर नव्या वाहिनीचा आवाज ऐकू येईल, हे मात्र आईंना आधी सांगून ठेवावे.