प्रतिसाद: क्लफ रंगला, पण रेव्हीवर अन्याय झाला

'द डॅम्ड युनायटेड' या चित्रपटातला इंग्लिश फुटबॉल प्रशिक्षक ब्रायन क्लफ हुबेहूब वाटतो, असं इथे कुणीतरी लिहिलंय, ते पटलं. त्याची भूमिका करणाऱ्या मायकल शीनने आवाज आणि ऐट दोन्ही अप्रतिम पकडलंय. पण लीड्स युनायटेड क्लबमधला क्लफच्या आधीचा प्रशिक्षक डॉन रेव्ही, त्याचं काय? दुसऱ्या विभागात चाचपडणारं लीड्स त्याने हाती घेतलं आणि 1969 व 1974 मध्ये लीग जिंकून दिली. चित्रपटात तो निव्वळ थंड, कपटी प्रतिस्पर्धी उरतो. दोघेही मिडल्सबरो या एकाच गावचे! या वैराचं खरं नाट्य तिथेच आहे, असं मला वाटतं.

मूळ कादंबरी तर क्लफच्या कुटुंबाला अजिबात रुचली नव्हती आणि लीड्सचा तेव्हाचा खेळाडू जॉनी जाइल्सने तिच्याविरुद्ध कायदेशीर लढाई दिली. हयात माणसाच्या तोंडी काल्पनिक वाक्यं घालताना जबाबदारी असतेच ना?

शेवटही घाईने गोड केलाय. लीड्सच्या प्रशिक्षकपदाचे ते 44 दिवस संपताच क्लफ ब्रायटनला जाऊन आपला जुना सहायक पीटर टेलर याची माफी मागतो, असं दाखवलंय. प्रत्यक्षात टेलर त्याच्याकडे नॉटिंगहॅम फॉरेस्ट क्लबमध्ये आला तो 1976 मध्ये.

लीड्समधून हकालपट्टी झाली त्या संध्याकाळी क्लफ आणि रेव्ही यॉर्कशायर टेलिव्हिजनवर समोरासमोर बसले होते. ती मूळ मुलाखत जरूर बघा. रेव्ही तिथे किती दुखावलेला दिसतो!