शब्दचर्चा : निकेल, डाइम आणि 'पोच'

प्रश्न : भाचा अमेरिकेत शिकतो, त्याच्या नादाने रविवारी रात्री एनएफएल, म्हणजे अमेरिकन फुटबॉलची लीग, बघू लागलो. समालोचक मधेच 'निकेल' म्हणतो, मधेच 'डाइम'. बचावात ही चिल्लर कुठून आली? आणि 'कव्हरेज'ला, म्हणजे पास झेलू पाहणाऱ्यांना बचावाने रोखण्याच्या रचनेला, काय म्हणावं? 'व्याप्ती' म्हटलं की विम्याचा एजंट आठवतो.

– बचावाच्या मागच्या फळीत एरवी चौघे : कडेला दोन कॉर्नरबॅक, मागे खोलवर दोन सेफ्टी. समोरून तिसरा वाइड रिसीव्हर (पास झेलणारा) उतरला की बहुतेकदा एक लाइनबॅकर (मधल्या फळीतला) बाहेर जातो आणि मागच्या फळीत पाचवा येतो. पाच म्हणून निकेल, पाच सेंटांचं नाणं. सहावा आला की मात्र डाइम, म्हणजे दहा सेंट! सहा सेंटांचं नाणंच नाही, मग काय करणार. सात झाले की क्वार्टर, आठ झाले की हाफ डॉलर.

– म्हणजे आपली पावली आणि अधेली! डाइमचं मूळ लॅटिन 'डेसिमा', दहावा भाग. आपल्या 'दशम'चा लांबचा भाऊबंद.

– एक खोच आहे. 'क्वार्टर्स कव्हरेज' हे वेगळंच प्रकरण. तिथे सात माणसांचा संबंध नाही, मैदानाचा खोल भाग चौघांत वाटलेला असतो.

– कव्हरेजला मी 'पहारा' म्हणेन. कॉर्नरबॅकला कबड्डीतला 'कोपरारक्षक' चालेल. 'कव्हर' मात्र नको, कबड्डीत ती जागाच आहे.

प्रश्नकर्ता : पहारा आवडला. आणि 'ट्रिप्स'? सहल नसावी.

– नाही, तिघे रिसीव्हर एका बाजूला, चौथा पलीकडे एकटा. क्वार्टर्सवाल्यांचा यावर एक तोडगा म्हणजे 'पोच'. पावतीवरची पोच नव्हे हो! दुसऱ्याच्या रानात चोरून शिकार करणं, त्यातला पोच. एकट्याच्या बाजूचा सेफ्टी नजर ठेवतो तिघांतल्या सर्वांत आतल्यावर. तो सरळ खोल धावला की सेफ्टी आपली बाजू सोडून त्याच्यामागे. मग इकडे कोपरारक्षकाच्या पाठीशी कोणी उरत नाही. त्यामुळे त्याच्यासमोर विरुद्ध संघाचा सर्वांत चपळ रिसीव्हर एकटा उभा असेल तर पोच महागात पडतो.

– मग या 'ॲडजस्टमेंट'ला 'सरकासरकी' म्हणा. लोकलमधली चौथी सीट आठवते.

– चौथ्या सीटवर निदान अर्धं बूड तरी टेकतं. इथे कोपरारक्षक उभाच.