बकॅनियर एस-१ : जहाजांवर पाठवायची घाई झाली का?

दर्यासारंग :
ब्रिटिश आरमाराच्या, विमानवाहू जहाजांवरून उडणाऱ्या ब्लॅकबर्न बकॅनियर या हल्ला-विमानाचं कौतुक मलाही आहे, पण ते एस-२ या दुसऱ्या आवृत्तीचं. १९६२ मध्ये आरमाराच्या ८०१ स्क्वाड्रनला मिळालेली पहिली आवृत्ती, एस-१, ताकदीत कमी होती. जायरन ज्युनियर इंजिनाचा जोर प्रत्येकी जेमतेम ७,१०० पौंड. त्यात कमी वेगातही विमान तरंगावं म्हणून पंखांवर आणि शेपटीवर हवेचा झोत सोडायचा, आणि तो झोतही इंजिनातूनच काढायचा! मग शस्त्रं लादून, इंधन कमी भरून उड्डाण, आणि वर गेल्यावर आरमाराच्या आधीच्या सिमिटार विमानाकडून, टँकर म्हणून, हवेतच इंधन. अशी ४० विमानं बनवली. आरमाराने एस-२ ला बसवलेल्या जास्त ताकदीच्या स्पे इंजिनाची वाट पाहायला हवी होती.

गलबत :
अजिबात पटलं नाही. मुळात हे विमान मागितलं कशासाठी? सोव्हिएत स्वेर्दलोव्ह क्रूझर बुडवायला, रडारखालून, लाटांना लागून उडत. विमानाचं कंत्राट १९५५ चं. स्पे इंजिन तेव्हा अस्तित्वात तरी होतं का? ते पुढे ट्रायडेंट या प्रवासी विमानासाठी तयार झालं. १९६२ मध्ये वाट पाहणं म्हणजे जहाजांवर सिमिटारवरच भागवणं. एस-१ वर वैमानिकांचा हात बसला, म्हणूनच एस-२ ला तयार माणसं मिळाली.

दर्यासारंग :
१९५५ चा मुद्दा मान्य. पण एस-२ ने मे १९६३ मध्येच पहिलं उड्डाण केलं. स्पेचा जोर ११,१०० पौंड, म्हणजे दीडपटीहून जास्त. १९६५ मध्ये एका एस-२ ने कॅनडातल्या गूस बेहून स्कॉटलंडमधलं लॉसीमथ वाटेत इंधन न घेता गाठलं. उलट डिसेंबर १९७० मध्ये दोन अपघात झाले आणि उरलेली एस-१ कायमची जमिनीवर बसवावी लागली. त्यात बसणाऱ्यांचा विचार आधी व्हायला नको होता का?

ठाणेकर :
दोघंही इंजिनातच अडकलात. दक्षिण आफ्रिकेसाठीच्या बकॅनियरला, एस-५० ला, स्पे असूनही उड्डाणासाठी जादा रॉकेट बसवली होती. तिथल्या धावपट्ट्या उंचावर आणि हवा गरम. म्हणजे फक्त इंजिनाच्या जोरावर विमानाचा निवाडा करता येत नाही.

मला खरा राग ब्रिटिश हवाई दलाचा येतो. टीएसआर-२ या स्वतःच्या नव्या बॉम्बफेकी विमानाच्या हट्टापायी त्यांनी बकॅनियर नाकारलं. १९६५ मध्ये टीएसआर-२ रद्द झालं, १९६८ मध्ये अमेरिकी एफ-१११ विमानांची मागणीही रद्द झाली, तेव्हा कुठे हे विमान घेतलं. तोवर १९६६ मध्ये नवं विमानवाहू जहाज सीव्हीए-०१ रद्द झालंच होतं. १९७८ मध्ये आर्क रॉयल या विमानवाहू जहाजावरून शेवटची बकॅनियर उतरली. १९९१ च्या आखाती युद्धात मात्र हवाई दलाच्या टॉर्नेडो विमानांच्या बॉम्बना लेझरने लक्ष्य दाखवायला हीच म्हातारी विमानं बोलवावी लागली.

गलबत :
ठाणेकर, हवाई दलाबद्दल सहमत. आणि दर्यासारंग, त्या म्हाताऱ्या विमानांचा सांगाडा एस-१ चाच. हवा घेणारी तोंडं मोठी केली आणि स्पे बसवलं. फिरता बॉम्बदरवाजा, दुभंगून वेग रोखणारी शेपटी, हे सगळं पहिल्यापासूनचं. अशा विमानाला मी घाईत बनवलेलं म्हणणार नाही.